कोळंबीच्या सालांची परांची

ठाण्याच्या मासळी बाजारात मी पहिल्यांदा गेले ती कोळंबीची सालं मागायला. आमच्या घरात मासळी शिजत नव्हती, त्यामुळे तिथे कुणाशी कसं बोलायचं हेच मला ठाऊक नव्हतं. पहिल्या ओट्यावरच्या दोघी हसल्या आणि त्यांनी मला हातानेच पुढे जायची खूण केली. त्यापुढची एक पन्नाशीची बाई कोळंबी सोलत बसलेली. तिने विचारलं, "सालं कशाला गो बाय? कोंबड्या पाळल्यास काय?"

"नाही. आम्ही प्रयोग करतोय. कातडी बनवायची आहे."

तिचा हात थांबला. "कसली कातडी? चपलांची?"

"माणसाची. भाजलेल्या माणसाला लावायची. पण अजून काहीच झालेलं नाही, मावशी. होईल की नाही, तेही माहीत नाही."

तिने हातातली कोळंबी टोपलीत टाकली. मग पायाशी पडलेली सगळी सालं तिने ओंजळी ओंजळीने पिशवीत भरली, पिशवीच्या तोंडाला गाठ मारली आणि माझ्या हातात दिली. "दर मंगळवारी येत जा. माज्याकडचीच ने. दुसरीकडं जाऊ नको."

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. त्याआधी काही वर्षं मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत, रेझिन बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात केमिस्ट होते. पॉलिमर घेऊन एम.एस्सी. झालेल्या मुलीला तेव्हा आमच्या भागात दुसरं काही मिळण्यासारखं नव्हतं. सकाळी रिअ‍ॅक्टरमधलं सॅम्पल काढायचं, त्याचा दाटपणा मोजायचा, दुपारी तेच, संध्याकाळी तेच. घसा कायम खवखवायचा. शुक्रवारी एमआयडीसी बंद असायची, त्या दिवशी मी नुसती पडून राहायचे. आई म्हणायची, "शिकून हेच करायचं होतं का गं?" तिचा सूर टोमण्याचा नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं.

मग ठाण्यातल्या एका संशोधन केंद्रात मदतनीस हवी असल्याची जाहिरात दिसली. तिथले सर बरीच वर्षं परदेशात काढून परत आलेले. सडसडीत, अबोल, शुद्ध पुणेरी बोलणारे. मुलाखतीत त्यांनी मला जेल म्हणजे काय ते विचारलं. मी पुस्तकातली व्याख्या सांगितली. ते म्हणाले, "बरोबर आहे. पण लक्षात असं ठेवा, की जेल म्हणजे पाणी धरून उभं राहिलेलं जाळं. आपल्याला त्या जाळ्यात पेशी वसवायच्या आहेत."

त्यांची कल्पना ऐकायला साधी होती. मोठं भाजलं की कातडी जाते, आणि पेशींना पुन्हा वाढायला खाली काही आधार उरत नाही. जखम मग जमेल तशी आवळून भरते. आपण जर पाणी धरणाऱ्या मऊ जेलचा पातळ तुकडा केला, त्यात बारीक भोकं ठेवली आणि भोकांत पेशी पेरल्या, तर त्या तिथे वाढतील, आपलं स्वतःचं जाळं विणतील, आणि जेल हळूहळू विरघळून जाईल. सर त्याला परांची म्हणायचे. इमारत उभी राहिली की बांबू काढतात ना, तशी. फक्त हे बांबू आपले आपण नाहीसे व्हायला हवेत.

कोळंबीच्या सालांत असा एक पदार्थ असतो, ज्याचं जेल करता येतं. विकत आणायचं तर तो बाहेरून यायचा आणि यायला महिने लागायचे. खाडी तर पाच मिनिटांवर होती. सर म्हणाले, "आपण घरीच करू." घरीच म्हणजे मी.

सालं आणली की धुवायची, गच्चीवर वाळवायची. मग आम्लात भिजवून त्यातला चुना काढायचा, कॉस्टिक सोड्यात उकळून चिकटलेलं मांस काढायचं, पुन्हा त्याहून दाट कॉस्टिकमध्ये तापवायचं. शेवटी हाती येतात कागदाच्या कपट्यांसारखे पांढरट तुकडे. ते पातळ आम्लात विरघळवले की चिकट पाक होतो. त्यात जिलेटिन मिसळायचं, दोन्ही एकमेकांना जोडणारं रसायन घालायचं, साच्यात ओतायचं, गोठवायचं, वाळवायचं. किलोभर सालांतून मूठभर हाती लागायचं. त्या कामाचा वास माझ्या हातांना, केसांना, पर्सला, डब्याला. आई देवाची भांडी मला घासू देईना. लिंबू चोळून झालं, बेसन लावून झालं. शेवटी ती म्हणाली, "राहू दे, तू नुसती बस. दमलेली दिसतेस." आणि मी बसायचे.

मावशींकडे दर मंगळवारचं जाणं सुरू झालं. त्यांनी एकदा विचारलं, जेल म्हणजे कसं असतं? मी वाळवलेली एक चकती बरोबर नेली होती. ती त्यांच्या पाण्याच्या डब्यात टाकली. बघता बघता ती फुगली, मऊ झाली, थरथरायला लागली. मावशी म्हणाल्या, "सुका बोंबील भिजवल्यासारका."

"तसंच."

"आनि यावर कातडी उगवनार?"

"उगवायला हवी. अजून उगवत नाही."

"उगवंल गो," त्या म्हणाल्या. माझ्यापेक्षा त्यांची खात्री जास्त होती. का ते मला काही महिन्यांनी कळलं.

एका मंगळवारी त्या बाजारात नव्हत्या. शेजारणीने सांगितलं, ताप आहे, सालं घरी ठेवलीत, घरूनच घेऊन जा. कोळीवाड्यातलं त्यांचं घर विचारत विचारत गेले. दार एका तिशीच्या बाईने उघडलं. डोक्यावरून घेतलेला पदर पुढे हनुवटीपर्यंत आलेला. पाणी द्यायला वाकली तेव्हा पदर सरकला आणि मला दिसलं. हनुवटी जवळजवळ छातीला खेचलेली, मध्ये जाड, चकचकीत, दोऱ्यांसारखे वळ. खालचा ओठ ओढला गेलेला. माझ्याकडे बघायचं तर तिला डोळे वर करून, कपाळाखालून बघावं लागत होतं.

"माजी सून," आतून मावशी म्हणाल्या. "स्टोव्ह भडकला."

मी सुनेकडून मावशींकडे बघितलं. त्या काळात स्टोव्ह भडकला म्हटलं की ऐकणारा काय समजतो, ते मावशींना पाठ होतं. त्या अंथरुणात उठून बसल्या.

"तू पन तोच इचार करतेस ना? कर. पोलिसांनी केला, गल्लीनं केला. हिनं दवाखान्यात सोता सांगितलं, का पंप मारताना भडका उडाला, सासू घरात नव्हती. तरी लोक काय सोडतात? माजा पोरगा हिला असं बघून पलाला. दुसरीकडं घर केलं त्यानं. मी हिला घेऊन रायले. आता लोक काय बोलतात सांगू? बोलतात, म्हातारीनं सुनेला कशी दाबून ठेवलीय बघा, सासूसमोर मान पन वर करत नाय."

सुनेने ग्लास माझ्या हातात दिला. ती दहावीपर्यंत शिकलेली, बोलणं सासूपेक्षा शहरी. म्हणाली, "आई, पुरे ना. त्या सालं न्यायला आल्यात."

त्यानंतर बाजारात जाताना माझे पाय जड व्हायला लागले. कारण प्रयोगशाळेत काहीही धड होत नव्हतं. पेशी मुंबईतल्या एका संस्थेतून मिळायच्या. ती बाटली थंड होऊ नये म्हणून मी रुमालात गुंडाळून, पदराखाली पोटाशी धरून आणायचे. जेलवर पेशी टाकल्या की दुसऱ्या दिवशी सगळ्या गोल होऊन तरंगत असायच्या. मेलेल्या. जोडणारं रसायन थोडं जरी जेलमध्ये उरलं तरी पेशींना ते विष होतं. ते धुवून काढायला जेल दिवसेंदिवस पाण्यात ठेवायचं, पाणी बदलत राहायचं. रसायन कमी घालावं तर जेल उबेत वितळून जायचं. जास्त घालावं तर पेशी मरायच्या. मधली जागा शोधण्यात एक वर्ष गेलं. ती सापडतेय असं वाटलं तेव्हा पावसाळा आला आणि सगळ्या बश्यांवर काळी बुरशी चढली. बुरशी आवरली, तर वीज जायला लागली. पेशींना शरीराइतकी ऊब सतत लागते. उबेची पेटी बंद पडली की मी गरम पाण्याच्या बाटल्या आत रचायचे, तापमापकाकडे बघत स्टुलावर बसायचे. जनरेटरसाठी सरांनी अर्ज केला होता. ऑफिसातून उत्तर यायचं, की विचाराधीन आहे.

सर कधी ओरडले नाहीत. फेकायच्या बश्या मी ट्रेमध्ये भरत असले की येऊन उभे राहायचे, चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "परत करू." ते 'परत' ऐकून माझ्या खांद्यांत कळ यायची. मी तिशी ओलांडली होती. आईने स्थळांबद्दल बोलणं सोडून दिलं होतं. मैत्रिणी विचारायच्या, झालं का तुझं ते? मी म्हणायचे, होईल. संध्याकाळी घरी आले की चपला काढायचंही त्राण नसायचं.

मावशी मात्र पूर्वी विचारायच्या, मग विचारेनाशा झाल्या. नुसती पिशवी पुढे करायच्या. ते जास्त जड जायचं.

आणि मग एका सकाळी, काहीही वेगळं केलेलं नसताना, मी नेहमीसारखी बशी मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि पेशी गोल नव्हत्या. लांबट झालेल्या, दोन्ही टोकांना पाय फुटल्यासारख्या, जेलच्या भोकांच्या कडांना चिकटून पसरलेल्या. काही ठिकाणी एकीचं टोक दुसरीला लागलेलं. मी नजर काढली, डोळे चोळले, परत बघितलं. मग सरांना हाक मारली. त्यांनी बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता तरी हसतील. ते म्हणाले, "परत करून बघा. तीनदा आलं तर आलं म्हणू." पण जाताना त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला. तसं त्यांनी त्याआधी कधी केलं नव्हतं.

ते परत आलं. मी मावशींना सांगितलं, कारण न सांगणं जमलं नसतं. पुन्हापुन्हा बजावलं, की हे फक्त बशीतलं आहे. पुढच्या आठवड्यात सूनच केंद्रात आली. सालांची पिशवी तिने दारातच ठेवली आणि विचारलं, "मला बघायला मिळेल?"

मी तिला स्टुलावर बसवलं. मायक्रोस्कोपमध्ये बघायला मान खाली घालावी लागते. तिला काहीच करावं लागलं नाही. स्क्रू फिरवून मी चित्र स्पष्ट केलं.

"दिसलं?"

"हो. बारीक माशांसारखं दिसतंय." मग थोड्या वेळाने, "कुणाची कातडी आहे ही?"

"कातडी नाही अजून. नुसत्या पेशी आहेत. उंदराच्या."

ती हसली. ओढलेल्या ओठाने तिला हसणं अवघड जायचं, तरी खुदकन हसली. "आईंना सांगू नका उंदराचं."

मग ती डोळा न काढता म्हणाली, "ताई, खरं सांगा. हे माझ्यासाठी नाही ना व्हायचं?"

मी खोटं बोलू शकले असते. ती पाठमोरी होती, चेहरा दिसत नव्हता, बोलणं सोपं होतं. पण मी म्हणाले, "नाही. आधी प्राण्यांवर, मग परवानग्या, मग माणसांवर. किती वर्षं लागतील ते सरांनाही माहीत नाही."

"मला वाटलंच होतं." ती उठली. "मोठ्या हॉस्पिटलात मला सांगितलंय, मांडीची कातडी काढून मानेला लावता येते. मान वर होईल म्हणाले. पण आई तयार नाहीत. म्हणतात, एकदा जळलीस, आता धड मांडी पण सोलून घेणार? ती बाय करतेय ना तुझ्यासाठी, थांब. मी थांबले. माझं ऐकत नाहीत त्या. तुम्ही सांगा."

त्या मंगळवारी मी रिकामी पिशवी न घेताच बाजारात गेले. मावशी ओट्यावर पाणी मारत होत्या. मी त्यांच्या शेजारी पाटावर बसले आणि जे सुनेला सांगितलं तेच सांगितलं. ऑपरेशन करून घ्या म्हटलं. हे काम उद्या होणारं नाही, मी म्हातारी होईपर्यंतही कदाचित होणार नाही, म्हटलं.

त्यांनी पाण्याचा डबा खाली ठेवला.

"मग तू कशाला करतेस गो?"

"कुणीतरी सुरुवात करायला लागते, मावशी. मी सुरुवातीच्यांतली आहे."

"आनि मी तिला बसवून ठेवलं." त्या ओट्याकडे बघत बोलत होत्या. "तिला दुखू नये म्हनून. माज्या हातनं दुसरं काय व्हनार होतं?" पदराने त्यांनी नाक पुसलं. "मांडीचं लई दुखंल काय?"

"दुखेल. पण भरेल. मांडी आपली आपण भरते."

"तू येशील संगं? डॉक्टर बोलतात ते मना समजत नाय. मागच्या टायमाला पोलीसच जास्त होते."

मी गेले. सरांनी त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं. ऑपरेशनच्या दिवशी मी आणि मावशी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो. आत भूल देणंच अवघड झालं, कारण मान मागे जात नव्हती. नर्स बाहेर येऊन सांगून गेली, वेळ लागेल. मावशी माझा हात धरून बसलेल्या, हाताला मासळीचा वास, माझ्याही हाताला. वॉर्डात खाटांच्या मध्ये गाद्या टाकलेल्या, बहुतेक बायकाच होत्या. त्या सगळ्यांकडे बघून मला माझ्या बशीतला नखाएवढा तुकडा आठवला आणि पाठ भिंतीला टेकवून मी डोळे मिटले. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "जेलवर काम करणाऱ्या तुम्हीच का? झालं की आणा. गर्दी बघताय ना." त्यांचाही आवाज दमलेला होता.

पट्टी सोडली त्या दिवशीही मी होते. मानेवर लावलेली कातडी बहुतेक ठिकाणी धरली होती, एका कोपऱ्यात काळी पडून गेली. तो कोपरा त्यांनी नंतर पुन्हा भरला. मांडीचं तिला मानेपेक्षा जास्त दुखलं. मग कित्येक महिने गळ्यात ताठ पट्टा. तो काढला तर कातडी परत आवळेल, म्हणून झोपतानासुद्धा. उकाड्यात तिची चिडचिड व्हायची, सासूवर खेकसायची, एकदा तर पट्टा काढून भिंतीवर फेकला. मावशींनी तो उचलला, पुसला, परत बांधला. मान पूर्ण वर नाही झाली. समोर बघण्याइतकी झाली. तिला तेवढं पुरलं असावं, कारण पट्टा सुटल्यावर ती सासूबरोबर बाजारात बसायला लागली, पदर मागे टाकून.

मी गेले तेव्हा ती एका गिऱ्हाइकाशी पापलेटवरून तावातावाने भांडत होती. मावशी माझ्या कानाशी आल्या. "गल्ली आता काय बोलते ठावं हाय? म्हातारीची सून लई वर तोंड करून बोलते!" आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

आमचं काम आणखी दोनेक वर्षं चाललं. सशांच्या पाठीवर जेल लावून बघितलं. जखमा बऱ्या भरल्या, पण आमच्या जेलमुळे की सशांच्या अंगच्या गुणाने, ते खात्रीने सांगता येईल इतके प्रयोग झाले नाहीत. पैशांची मुदत संपली, ती वाढवून मिळाली नाही. सर निवृत्त झाले. आमचा एक निबंध परदेशातल्या मासिकात आला, तेव्हा उबेची पेटी दुसऱ्या विभागाने नेलेली होती.

मी परत डोंबिवलीत आले, परत एमआयडीसीत. कापडावर छपाई करायच्या रंगाला दाटपणा आणणारी पावडर बनवणारा कारखाना. तीही पाण्यात फुगते, तिचंही जेलच होतं. माल घेणाऱ्या पार्टीचा फोन येतो, की या लॉटला रंग पसरतोय, पातळ आहे. मी बादलीत पावडर घोळते, काठीने ढवळते, थांबते, बघते. आईचे गुडघे गेलेत, संध्याकाळी तिला तेल लावून देते.

एकदा लायब्ररीत एका मासिकात वाचलं, की बाहेर एका देशात अशी वाढवलेली कातडी दवाखान्यांत वापरायला लागलेत. फोटो होता. बशीत पातळ, ओलसर, दुधी रंगाचा तुकडा. पद्धत आमच्याहून वेगळी होती, जेल वेगळं, पेशी माणसाच्या. मी लेख सगळा वाचला. हेवा वाटला असं नाही, आनंद झाला असंही म्हणवत नाही. बरं झालं, इतकंच वाटलं. मासिक जागेवर ठेवलं आणि बाहेर आले. रिक्षाच्या रांगेत बरीच माणसं होती. मी मागे जाऊन उभी राहिले.